काळ्या काचेतून सोनारी : दीर्घ उद्भासन आणि छायाचित्राची साक्ष

१

छायाचित्र हे निव्वळ कलावस्तू न राहता संशोधनाच्या कामी पुरावा म्हणून उपयोगात येऊ लागले, तेव्हापासून ते कोणत्या साधनाने व किती वेळ प्रकाश घेऊन तयार झाले, या प्रश्नाला तंत्रापलीकडचे महत्त्व आले आहे. प्रबंधात मजकुराशेजारी एखाद्या देवळाचे छायाचित्र येते तेव्हा वाचक त्याकडे साक्षीदार म्हणून पाहतो. लेखकाचे विधान तो तपासून घेईल. छायाचित्राचे विधान मात्र बहुधा न तपासताच स्वीकारील. म्हणूनच हौशी छायाचित्रकारांत रूढ झालेल्या एका स्वस्त युक्तीचा विचार समीक्षेच्या दृष्टीने होणे अगत्याचे आहे. ती युक्ती म्हणजे वेल्डरच्या मुखवट्यातील काळी काच कॅमेऱ्याच्या भिंगापुढे बसवून भर दिवसा दीर्घ उद्भासनाची चित्रे घेणे. उद्भासन म्हणजे ज्याला व्यवहारात एक्स्पोझर म्हणतात ते; संवेदनशील पृष्ठावर प्रकाश पडू देण्याची क्रिया.

या युक्तीचे समर्थन दोन मुद्द्यांवर केले जाते. पहिला मुद्दा काटकसरीचा. प्रकाश कमी करणारे, परंतु रंगात फरक न करणारे जे फिल्टर छायाचित्रणासाठी मुद्दाम तयार करतात ते महाग असतात. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी काळी काच त्यांच्या किमतीच्या अल्पांशात येते. हा मुद्दा निर्विवाद आहे. दुसरा मुद्दा बहुधा स्पष्ट शब्दांत मांडला जात नाही, पण गृहीत धरला जातो. तो असा की, ही काच प्रकाश कमी करते, बाकी काही करीत नाही. प्रस्तुत विवेचनाचा रोख या दुसऱ्या मुद्द्यावर आहे. काळी काच प्रकाश कमी करते हे खरे. परंतु प्रकाश कमी करताना चित्रात कोणी राहावे आणि कोणी जावे हेही ती ठरवते. या निवडीचे परिणाम धाराशिव जिल्ह्यातील परांडा तालुक्यातल्या सोनारीसारख्या गावी जितके स्पष्ट होतात तितके समुद्रकिनाऱ्यावर होत नाहीत.

२

प्रथम काचेचा स्वभाव पाहणे इष्ट. वेल्डिंगच्या काचांना अंक दिलेले असतात आणि अंक वाढेल तशी काच अधिक गडद होते. गॅसच्या वेल्डिंगला खालचे अंक पुरतात. विजेच्या ठिणगीच्या कामाला दहा आणि त्यावरचे अंक लागतात. चौदा अंकाची काच महाराष्ट्रात अनेकांच्या परिचयाची आहे, ती कारखान्यामुळे नव्हे, तर ग्रहणामुळे. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणासारख्या प्रसंगी सूर्याकडे पाहण्यासाठी याच अंकाची शिफारस केली जाते.

हा अंक आणि काचेतून पार होणारा प्रकाश यांचे नाते निश्चित आहे. अंकातून एक वजा करावा आणि बाकीला तीन सप्तमांशांनी गुणावे, म्हणजे त्या काचेची प्रकाशीय घनता मिळते. आठ अंकाच्या काचेची घनता बरोबर ३ येते. म्हणजे तिच्यातून प्रकाशाचा हजारावा भाग पार होतो. दहा अंकाची घनता सुमारे ३.८६, म्हणजे पार होणारा प्रकाश सुमारे ७,२०० वा हिस्सा. अकरा अंकाला हेच प्रमाण सुमारे १९,३०० वा हिस्सा आणि चौदा अंकाला सुमारे ३,७३,००० वा हिस्सा असे पडते. ऐन उन्हात, भिंगाचे छिद्र बरेच आवळल्यावर, ज्या दृश्याला सेकंदाचा साठावा भाग पुरतो असे मानू, त्याच दृश्याला आठ अंकाच्या काचेमागून सुमारे सतरा सेकंद, दहामागून दोन मिनिटे, अकरामागून सव्वापाच मिनिटांहून थोडे अधिक आणि चौदामागून पावणेदोन तासांच्या आसपास लागतील. हे गणित मानवी डोळ्याला जाणवणाऱ्या प्रकाशाचे आहे. कॅमेऱ्याचा संवेदक रंगांना डोळ्याप्रमाणेच प्रतिसाद देत नसल्याने प्रत्यक्षात एकदोन चाचण्या घ्याव्या लागतात. फिल्म वापरणाऱ्याला आणखी एक भर घालावी लागते. मंद प्रकाशात दीर्घकाळ उद्भासित होणारी फिल्म आपली संवेदनशीलता गमावते. हा परिणाम कार्ल श्वार्झशिल्ड या ज्योतिर्विदाच्या नावाने ओळखला जातो.

काच बसवण्याची रीत साधी आहे. कॅमेरा तिवईवर घट्ट करावा, चौकट व केंद्रीकरण काचेवाचून निश्चित करावे, मगच काच रबरबँडने भिंगापुढे बांधावी आणि कडेने येणारा प्रकाश काळ्या कापडाने अडवावा. तथापि काचेचे दोष त्यामुळे जात नाहीत. डोळ्याचे रक्षण करण्यासाठी घडवलेल्या या काचेचे दोन्ही पृष्ठभाग प्रकाशीय अचूकतेने समांतर घासलेले असतातच असे नाही. त्यामुळे चित्राची तीक्ष्णता उतरते, उजळ वस्तूंचे दुहेरी प्रतिबिंब पडते आणि विस्तृत भिंगाच्या कोपऱ्यांत काचेची चौकट डोकावते.

३

सर्वांत ठळक दोष रंगाचा. या काचेतून घेतलेले प्रत्येक चित्र हिरवे येते. याचे कारण काचेच्या मूळ प्रयोजनात आहे. वेल्डरच्या डोळ्याला अपाय करणारे जंबुपार आणि अवरक्त किरण तिला थोपवायचे असतात, आणि त्याच वेळी काम करण्याइतके दिसूही द्यायचे असते. काचेतील लोहसंयुगे हे कार्य करतात आणि मधला हिरवा पट्टा तुलनेने मोकळा सोडतात. मानवी डोळा सुमारे ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असल्यामुळे ही तडजोड कामगाराच्या दृष्टीने अतिशय योग्य आहे. छायाचित्रकाराच्या दृष्टीने मात्र ती एकांगी ठरते. लाल आणि निळा प्रकाश फारच थोडा पोचतो. पुढे संगणकावर पांढऱ्याचा तोल साधताना हे दोन रंग कित्येक पटींनी वाढवावे लागतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांतील कणीदार गोंधळही वाढतो. जे नोंदलेच गेले नाही ते वाढवूनही येत नाही. म्हणून अनेक जण शेवटी कृष्णधवल चित्राचा आश्रय घेतात.

कृष्णधवलाचा हा आश्रय कलेच्या दृष्टीने गैर नाही. समीक्षकाने मात्र त्याची नोंद घेतली पाहिजे. कारण अशा चित्रांना जी गंभीर, कालातीत छटा लाभते आणि जिचे श्रेय सामान्यतः छायाचित्रकाराच्या दृष्टीला दिले जाते, ती पुष्कळदा हिरवेपणा लपवण्याच्या गरजेतून आलेली असते. देवळासमोरचा गुलाल, शेंदूर, झेंडूच्या माळा हे सारे त्या करड्या गांभीर्यात बुडून जाते. रंगाचा हा लोप ज्या अभ्यासाला चालतो त्याने तो पत्करावा. परंतु तो पत्करलेला आहे, निवडलेला नव्हे, एवढे भान ठेवावे.

४

रंगाचा दोष डोळ्यांना दिसतो, म्हणून तो क्षम्य आहे. जो दोष दिसत नाही तो अधिक विचारणीय. दीर्घ उद्भासनाचा नेहमीचा विषय पाणी. कोकणच्या खडकांवर आपटणाऱ्या लाटांचे धुके होते, सह्याद्रीतील धबधब्याचे रेशीम होते. पाण्याच्या बाबतीत याबद्दल कोणी तक्रार करणार नाही. एक लाट गेली आणि दुसरी आली. त्या दोहोंची सरासरी म्हणजेही लाटांचेच एक सत्य. परंतु परांडा तालुक्यासारख्या अवर्षणप्रवण मुलखात धबधबे नाहीत. तेथे ही काच हाती आलेल्या विद्यार्थ्याचे लक्ष साहजिकच देवळे, किल्ले, रस्ते आणि बाजार यांकडे वळेल. आणि येथेच प्रश्नाचे स्वरूप पालटते.

सोनारी हे काळभैरवनाथाचे स्थान. अनेक घराण्यांचे ते कुलदैवत आहे. चैत्रात तेथे मोठी यात्रा भरते. एरवीही हे गाव ज्यासाठी ओळखले जाते ती गोष्ट म्हणजे तेथील माकडे. देवळाच्या परिसरात माकडांचा मुक्त संचार असतो आणि भाविक त्यांना देवाच्या परिवारातलेच मानतात. तात्पर्य, सोनारीचे सोनारीपण तेथील दगडात जितके आहे तितकेच, किंबहुना अधिक, तेथे सतत हलणाऱ्या जिवांत आहे.

अशा स्थळी देवळासमोर तिवई लावून दहा अंकाच्या काचेतून दोन मिनिटांचे उद्भासन घेतले तर काय घडेल, याचा हिशेब मांडता येतो. साधारण चालीने जाणारा मनुष्य आपल्यामागच्या भिंतीचा कोणताही एक बिंदू सुमारे अर्धा सेकंद झाकतो. एकशेवीस सेकंदांत अर्धा सेकंद म्हणजे दोनशेचाळिसावा हिस्सा. एवढा फरक चित्रात उमटत नाही. तो मनुष्य नाहीसा होतो. कठड्यावर वीस सेकंद बसून उडी मारणारे माकड एक षष्ठांश उरते, म्हणजे दगडावर जेमतेम डाग दिसावा तेवढे. एक मिनिट हात जोडून उभी राहिलेली स्त्री निम्मी उरते, आणि तिच्या देहातून मागची भिंत दिसते. अंगण झाडणारी बाई मात्र मुळीच उरत नाही. झाडलेले अंगण उरते, झाडणारी उरत नाही.

हाच हिशेब यात्रेच्या दिवशी वेगळा होतो. एकाच बिंदूवरून दोन मिनिटांत शंभर माणसे गेली तर तो बिंदू एकूण पन्नास सेकंद झाकला जातो, आणि गर्दी नाहीशी न होता तिचा राखाडी धूर होतो. तो कोणाचा आहे हे सांगता येत नाही, परंतु कोणीतरी होते एवढे कळते. याचा अर्थ असा की, दीर्घ उद्भासन यात्रेला पूर्णपणे पुसू शकत नाही; ते पुसते ते सामान्य दिवसाला. एकेकटे येणारे, नमस्कार करून, नारळ ठेवून निघून जाणारे भाविक, पाण्याची घागर घेऊन जाणारी बाई, देवळापुढून शेताकडे निघालेला माणूस, हे सर्व एकेक करून गळतात. उरते ते निर्मनुष्य, शांत, प्राचीन वाटणारे देऊळ. पाहणारा त्या शांततेला स्थळाचा गुण समजतो. वास्तविक ती काचेने निर्माण केलेली असते.

आता आठ अंकाच्या काचेतून तेच दृश्य सतरा सेकंदांत घेतले तर चालणारा चौतिसावा हिस्सा उरतो, म्हणजे जवळजवळ अदृश्यच. पण वीस सेकंद बसलेले माकड पूर्ण उरते आणि हात जोडलेली स्त्रीही घनरूपाने उरते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. काचेचा अंक निवडणे म्हणजे केवळ प्रकाशाचे प्रमाण निवडणे नव्हे. दृश्यात हजेरी लागण्यासाठी किती वेळ स्थिर राहावे लागेल, ती अट निवडणे होय. काच महत्त्व ओळखत नाही, फक्त टिकाव ओळखते. आणि समाजात स्थिर राहण्याची सवड सर्वांना सारखी नसते.

५

ही अट छायाचित्रणाच्या जन्माइतकीच जुनी आहे. १८३८ साली दागेरने पॅरिसच्या बुलेव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचे जे चित्र घेतले त्याला काही मिनिटांचे उद्भासन लागले. वर्दळीचा तो रस्ता चित्रात ओस दिसतो. गाड्या, घोडे, पादचारी यांचा मागमूस नाही. उरला आहे एक मनुष्य, कारण तो बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा होता. छायाचित्रात सापडणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एक म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. त्याच्या पायाशी काम करणारा पॉलिशवालाही दिसतो, पण पुसट. सेवा घेणारा स्थिर होता म्हणून ठळक राहिला, सेवा करणारा हलत होता म्हणून अंधुक झाला.

पश्चिम भारतातील आरंभीचे छायाचित्रण याच अटीखाली झाले. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बेची स्थापना १८५४ ची. त्यानंतर मुंबई सरकारने कॅप्टन बिग्ज आणि डॉ. पिगू यांच्याकडून दक्षिणेकडील वास्तूंची छायाचित्रे घेवविली. त्यांतील निवडक चित्रे ए. सी. बी. नील यांच्या चित्रांसह १८६६ मध्ये धारवाड व म्हैसूर येथील वास्तुकलेवरील ग्रंथात प्रसिद्ध झाली, आणि त्या ग्रंथाचा ऐतिहासिक भाग कर्नल मेडोज टेलरने लिहिला. हाच टेलर १८५३ नंतर काही वर्षे नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहत होता. नळदुर्ग आज धाराशिव जिल्ह्यात मोडते, म्हणजे या प्रदेशातील माणसे, जत्रा आणि वर्दळ टेलरच्या प्रत्यक्ष परिचयाची होती. तरीही त्या काळातील वास्तूंच्या चित्रांत माणूस दिसतो तो बहुधा मापासाठी, सांगितल्या जागी स्तब्ध उभा केलेला. आज्ञेने थांबला तो उरला. आपल्या कामाने जात होता तो गेला. हिंदुस्थानातील देवळे म्हणजे ओस पडलेले अवशेष होत, ही जी धारणा पुढे दृढ झाली, तिच्या अनेक कारणांत मंद काचपट्ट्यांचाही वाटा असावा, असे अनुमान करण्यास जागा आहे.

परंतु त्या छायाचित्रकारांकडे दुसरा मार्ग नव्हता. त्यांच्या रासायनिक पट्ट्या मंद होत्या. निर्मनुष्यता त्यांच्यावर लादली गेली होती. आजच्या कॅमेऱ्याला सेकंदाचा हजारावा भागही पुरतो. म्हणून आज जो काळी काच बांधतो तो गेलेली अडचण मुद्दाम परत आणतो. अडचणीची जबाबदारी साधनावर टाकता येते. निवडीची टाकता येत नाही.

६

येथे एक आक्षेप विचारात घेणे न्याय्य होईल. वास्तुशास्त्राचा किंवा मूर्तिशास्त्राचा अभ्यासक म्हणेल की, त्याला स्तंभ, थर आणि शिल्पपट्ट हवे आहेत. मध्ये येणारी गर्दी हा त्याच्या अभ्यासातील अडथळा असून काळी काच तो बिनखर्चात दूर करते. हा आक्षेप रास्त आहे, परंतु दोन मर्यादांसह. पहिली अशी की, दीर्घ उद्भासनात दगडही तसाच राहत नाही. सूर्य आकाशात तासाला पंधरा अंश सरकतो, म्हणजे दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाइतका. तेवढ्याने कोरीवकामाच्या सावल्यांच्या कडा किंचित विरघळतात. चौदा अंकाच्या काचेतून पावणेदोन तास घेतले तर सूर्य सुमारे सव्वीस अंश सरकतो, सावल्या पुसल्या जातात, आणि उठाव दाखवण्यासाठी ज्यांवर भिस्त ठेवायची त्या खोलीच्या खुणाच नष्ट होतात. काचेच्या असमान पृष्ठभागामुळे उतरणारी तीक्ष्णता त्यात भर घालते. दुसरी मर्यादा अशी की, गर्दी टाळून घेतलेले चित्र स्तंभाबद्दलचा पुरावा म्हणून ग्राह्य आहे, स्थळाबद्दलचा नव्हे. एका प्रकरणात शिल्पासाठी दिलेले चित्र दुसऱ्या प्रकरणात ‘आज हे स्थळ शांत व निर्जन आहे’ अशा विधानाशेजारी येऊ लागले, की पुराव्याचा गैरवापर सुरू होतो.

आक्षेपाची दुसरी बाजू कलेची आहे. दीर्घ उद्भासनाने माणूस नाहीसा होणे हे अटळ प्राक्तन नव्हे, हे काही कलावंतांनी दाखवून दिले आहे. अलेक्सी तितारेंको या रशियन छायाचित्रकाराने १९९१ नंतरच्या पडझडीच्या वर्षांत सेंट पीटर्सबर्गच्या भुयारी रेल्वेच्या दाराशी लोटणाऱ्या जमावाची दीर्घ उद्भासनाने चित्रे घेतली. त्यांत जमावाचा धूर होतो, परंतु कठड्याला धरलेले हात मध्येच स्पष्ट राहतात; लोकांची ओढाताण त्या हातांवरून कळते. मायकेल वेसेली या जर्मन छायाचित्रकाराने बर्लिनच्या पॉट्सडामर प्लाट्झची पुनर्रचना आणि न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट संग्रहालयाचे बांधकाम अशी वर्षानुवर्षे चालणाऱ्या उद्भासनांनी टिपली. त्यांत उभ्या राहणाऱ्या इमारती एकमेकींतून पारदर्शक दिसतात आणि सूर्याचे मार्ग आकाशात रेषारेषांनी उमटतात. या दोघांच्या कामात काळ हा चित्राचा विषय आहे आणि पाहणाऱ्याला तो लगेच जाणवतो. आक्षेपार्ह ठरते ते त्यांच्या उलट टोकाचे चित्र, जे दोन मिनिटांचा काळ गिळून एका क्षणाचा आव आणते.

७

म्हणून काळ्या काचेचा निषेध करण्याचे कारण नाही. उलट, ज्या विद्यार्थ्याला महाग साधने परवडत नाहीत त्याच्या हाती तिने एक खरीखुरी शक्यता दिली आहे, आणि काटकसरीने आलेले ज्ञान कमी प्रतीचे असते असे मानण्याचे कारण नाही. अभ्यासाच्या शिस्तीत मात्र तिचा वापर तीन गोष्टी सांभाळून व्हावा. पहिली, चित्राखाली स्थळ व तारखेबरोबर काचेचा अंक आणि उद्भासनाचा काळ लिहावा. त्यावाचून चित्र हे सही नसलेल्या जबानीसारखे आहे. दुसरी, रंग बदलले किंवा काढून टाकले असल्यास तसे नमूद करावे. तिसरी आणि मुख्य, एकच दृश्य तिवई न हलवता तीनदा घ्यावे : काचेवाचून सेकंदाच्या साठाव्या भागात, आठ अंकातून सतरा सेकंदांत आणि दहा अंकातून दोन मिनिटांत. ही तीन चित्रे शेजारी ठेवली की प्रत्येक चित्र दुसऱ्याने काय गाळले ते सांगते. पहिल्यात सोनारीच्या देवळासमोर चालणारा भाविक असेल. दुसऱ्यात तो गेलेला असेल, पण बसलेले माकड आणि हात जोडलेली स्त्री असेल. तिसऱ्यात फक्त देऊळ असेल. तिन्ही खरी आहेत. त्यांपैकी एकच देऊन बाकीची दोन लपवणे हे मात्र खरे नाही.

वेल्डर ही काच डोळ्यांपुढे धरतो ती समोरचे काम नीट दिसावे म्हणून. तिच्यावाचून त्याला ठिणगीच्या झळाळीत सांधा दिसत नाही आणि डोळेही धोक्यात येतात. छायाचित्रकाराच्या हाती येताना तिचे प्रयोजन उलटण्याचा धोका आहे : काम करणारी माणसे दिसू नयेत म्हणून ती वापरली जाण्याचा. सोनारीच्या देवळासमोर तिवई लावणाऱ्या अभ्यासकाला या दोन प्रयोजनांपैकी एक निवडावे लागते, आणि चित्राखालची एक ओळ ती निवड वाचकापुढे उघड करू शकते.